हात थांबतो तिथं

कस्तुराबाईला पत्रक वाचून दाखवायचं असेल तर आधी चार बायकांच्या हाताला काम द्यावं लागतं. काम कसलंही चालतं. डाळ निवडा, लसूण सोला, बटणं टाचा. रिकाम्या हाताचं माणूस ऐकायचं नाटक बक्कळ करतं, माना डोलावतं, आणि उठून गेलं की त्याच्या ध्यानात एक अक्षर राहात नाही, असं तिचं मत. कामाचे हात मात्र खोटं बोलत नाहीत. हात चालू राहिले तर समजायचं, शब्द फुकट गेले. हात थांबला तर ते वाक्य ठेवायचं.

जानेवारीचे दिवस, म्हणून काम अवरेकाईचं होतं. बेंगळुरात या दिवसांत या शेंगांचे रस्तोरस्ती ढीग लागतात. आपल्याकडचा पावटाच तो, पण इथल्या बायका दाणे भिजवतात, चिमटीत दाबून वरचं साल उडवतात आणि आतल्या डाळीचं सार करतात. मारतहळ्ळीच्या मागच्या अंगाला, काचेच्या इमारती संपतात तिथं, एका वठारात कस्तुराबाई राहते. वठार म्हणजे एका नळावर दहा खोल्या. बुधवारी संध्याकाळी वठाराच्या पायरीवर सात बायका पातेल्याभोवती बसल्या होत्या, आणि वेदांत नावाचा पोरगा उभा राहून मोबाइलमधनं वाचत होता.

वेदांत पुण्याचा. महादेवपुऱ्यात कंप्युटरवर कामाला आणि सुट्टीला युनियनच्या कामाला. पोरगा कळकळीचा, त्यात काही खोट नव्हती. दुनियेत कुठं कुठं क्रांत्या झाल्या, तिथल्या लोकांनी पत्रकं कशी लिहिली, हे त्यानं जागून जागून वाचलं होतं. कुठल्या युक्तीला काय नाव आहे तेही त्याला पाठ होतं.

"कष्टकरी भगिनींनो," तो वाचत होता, "इतिहास तुमच्या दारात उभा आहे. भांडवलाच्या राक्षसाने जबडा उघडला आहे. आपण किती सोसायचं? कुठवर सोसायचं? कुणासाठी सोसायचं?"

कस्तुराबाई एकेक ओळ कन्नडात सांगत होती. सालं उडत होती. तिसऱ्या सोसण्यापाशी एकीनं विचारलं, "अक्का, पाण्यात मीठ घातलंय का?"

वेदांत थांबला. "काकू, तीन प्रश्न लागोपाठ टाकले की ऐकणारा मनातल्या मनात उत्तर देतो. ती एक टेक्निक आहे."

"देत असंल," कस्तुराबाई म्हणाली. "पर हितं कुणी दिलं न्हाई. तुझा राक्षस आला आन् गेला, एकीची चिमूट ढिली झाली न्हाई. वाच पुढं."

त्यानं पुढं वाचलं. अर्ध्याच्या जरा पुढं गेला असेल, तेवढ्यात कोपऱ्यावरनं आरोळी आली, "नीर बंतु." नळाला पाणी आलं. सातही जणी दाणे टाकून घागरींकडं पळाल्या, आणि पत्रकाचं शेपूट वाचायचं राहिलं ते राहिलंच.

प्रकरण असं होतं. या सगळ्या बायका शर्टाच्या फॅक्टरीतल्या. चारशे जणी. कंपनीला हे युनिट बंद करून शिऱ्याकडं न्यायचं होतं, शंभरेक किलोमीटर लांब. चार-चार जणींना ऑफिसात बोलवायचे आणि शिऱ्याला जायला तयार असल्याचा इंग्रजीतला दोन पानी कागद पुढं करायचे. एचआरची रंजिता मॅडम बोलायला गोड. पेन स्वतः हातात द्यायची आणि जरा सही करा ना, अशा सुरात म्हणायची, "स्वल्प सही माडि, अक्का." शनिवार शेवटचा. निम्म्याहून जास्त बायकांनी शनिवारपर्यंत सही केली नाही तर युनियनला भांडायला जागा होती. केली, तर भांडायचं कशावर?

कस्तुराबाई तिथं बावीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर. शर्ट उलटा करायचा, शिवण बघायची, लोंबता धागा कापायचा. वय चोपन्न. नवरा बसवंत सिटी बसवर ड्रायव्हर होता, तो गेला त्याला सहा वर्षं झाली. शिऱ्याला जाऊन नव्या सुपरवायझरला सलाम ठोकायची तिची तयारी नव्हती. बाकीच्या बायकांचं तिला कळत होतं, पण आपलं आधी कळत होतं.

पाणी भरून झाल्यावर तिनं वेदांतला चहा दिला आणि निपाणीची गोष्ट सांगितली.

निपाणीत तिची आई विड्या वळायची. कारखान्यात चाळीस बायका, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, हातात पान कापायची कातरी. पाचवीतली कस्तुरा मधे बसून पेपर वाचून दाखवायची, युनियनची पत्रकंही. त्याबद्दल प्रत्येक बाईनं वीस विड्या कस्तुराच्या आईच्या सुपात टाकायच्या, अशी रीत होती. पत्रकं लिहायचे श्रीहरी मास्तर. मास्तर दाराशी येऊन उकिडवे बसायचे आणि डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं मास्तर आपलंच लिखाण ऐकत बसलेत. ते ऐकत असायचे कातरी. कुठल्या ओळीला कातरी थांबली, एवढंच बघायचे. उरलेल्या ओळी पुढच्या पत्रकातनं गायब.

"आन् सगळ्यांत जास्त कशाला थांबल्या म्हाईत हाय?" कस्तुराबाई म्हणाली. "संप चाललेला. सात बाया मागल्या दारानं कामावर जायच्या. संप मिटून समद्या परत कामावर बसल्या, तवा मास्तरनं सातींची नावं छापली. गावासकट. मी वाचाय लागले, आन् चाळीस कातरी एकदम गप. माशी उडलेली ऐकू यावी."

वेदांतनं कप खाली ठेवला. "काकू, ही तर फार जुनी पद्धत आहे. गद्दारांची यादी छापायची. जगभर वापरलीय. भयंकर इफेक्टिव्ह."

"मग लिही."

पुढची गोष्ट तिनं सांगितली नाही. त्यानं विचारलीही नाही.

गुरुवारी तीच पायरी, तेच पातेलं, त्याच सात जणी. राक्षस आणि इतिहास दोघांनाही रजा दिली होती. पत्रक अर्ध्या पानाचं, आणि शेवटी ओळ: शनिवारपर्यंत जी बाई सही करील, तिचं नाव, गाव आणि लाइन नंबर पुढच्या पत्रकात छापला जाईल.

कस्तुराबाईनं ती कन्नडात सांगितली आणि हातांकडं बघितलं.

सातही हात थांबले.

मग एकजण म्हणाली, "बरोबरच आहे. आम्ही इथं मरायचं आणि ह्यांनी सह्या ठोकायच्या." दुसरी हसली. "फोटोपण छापा, म्हणजे फॅक्टरीतल्या तीन विमलांतली कुठली ते कळेल." सालं परत उडायला लागली. एक, दोन, चार, सहा.

सातवा हात विमलाचा होता. ती शिलाईच्या लाइनीत कॉलर लावायची, राहायला त्याच वठारात, तिसऱ्या खोलीत. तिच्या चिमटीत दाणा तसाच होता. पाण्याचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला आणि साडीवर पडला, तरी तिनं पुसला नाही. कुणाकडं बघतही नव्हती.

"जमलं, काकू," वेदांत हळूच म्हणाला. "पाहिलंत?"

कस्तुराबाईनं बघितलं होतं. तसा हात तिनं आयुष्यात आणखी एकदा बघितला होता.

निपाणीच्या त्या यादीतलं पाचवं नाव तिच्या आईचं होतं. वाचणारं पोर पुढची ओळ आधी चाळून घेत नाही, येईल तशी वाचतं. तिनं नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, गाव वाचलं, आणि मग तिला कळलं आपण काय वाचलं ते. तिचं बोट त्या ओळीवरच राहिलं. आईच्या हातात अर्धी वळलेली विडी होती. आईनं मान वर न करता सांगितलं, "थांबू नगंस. दोन ऱ्हायल्यात. वाच." तिनं दोन वाचली. दुसऱ्या दिवशी आईच्या सुपात कुणी विड्या टाकल्या नाहीत, आणि वाचायला दुसरी पोरगी बसवली. आई मागल्या दारानं का गेली होती, ते कस्तुरानं कधी विचारलं नाही, आईनं कधी सांगितलं नाही. आठवड्यानं श्रीहरी मास्तर रस्त्यात भेटले. म्हणाले, "वाचलंस मात्र स्वच्छ." शाबासकी होती ती. ती तिनं चाळीस-बेचाळीस वर्षं सांभाळून ठेवली होती, आणि बुधवारी वेदांतला सांगताना उरलेलं तेवढं गिळलं होतं.

बायका उठल्या. कस्तुराबाईनं सोललेल्या डाळीची एक वाटी भरली आणि विमलाच्या खोलीत गेली. विमला स्टोव्हपाशी पाठमोरी होती.

"कधी केलीस?" कस्तुराबाईनं विचारलं.

विमलानं कसली म्हणून विचारलं नाही. "सोमवारी."

"का गं?"

"शिऱ्याजवळ माझं गाव, अक्का. पोरगी तिथं आईपाशी. चौथीत आहे. युगादीला आणि दिवाळीला तिचं तोंड दिसतं मला. मॅडम म्हणाली, घरनं कामाला ये, बस येईल न्यायला." ती वळली. "मी का नको म्हणू? तू सांग."

कस्तुराबाईनं वाटी खाली ठेवली.

"छापणार नाव?" विमला म्हणाली. "छापायचं तर कॉलरवाली विमला म्हणून नीट छापा. बाकीच्या दोघींना लोक उगीच शिव्या घालतील."

कस्तुराबाई बाहेर आली तेव्हा वेदांत पायरीवर बसून झेरॉक्सवाल्याला फोन लावत होता. दुकान नऊला बंद होणार, आता आठ वाजले होते.

"ती नावाची वळ काढ," ती म्हणाली.

"काढू? काकू, तुमच्याच टेस्टमध्ये पास झालीय. सगळ्यांचे हात थांबले."

"थांबले. साप दिसला तरी थांबत्यात."

"पण तुम्हीच काल म्हणालात…"

"काल मी अर्धी गोष्ट सांगितली." ती पायरीवर बसली आणि उरलेली अर्धी तिनं सांगितली, चार वाक्यांत, हिशेब मोडावा तशी. वेदांत फोन हातात धरून ऐकत राहिला. पलीकडून झेरॉक्सवाला "हॅलो, हॅलो" म्हणत होता, त्यानंच कंटाळून फोन ठेवला.

वेदांतनं फोन पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "सॉरी, काकू. पण मग पत्रकात राहिलं काय? ती ओळ काढली तर उरलेल्यात दम नाही. चारशे बायका शनिवारी सही करून मोकळ्या होतील. आपण हरलो तर विमलाताईंचंही काही भलं होणार नाही."

हे मात्र खरं होतं. कस्तुराबाईनं पातेलं पुढं ओढलं आणि बुडाशी राहिलेली सालं फडक्यानं पुसायला लागली. "तुझं कालचं काढ. पानी आलं तवा ऱ्हायलेलं."

"त्यात काही नाही हो. त्या इंग्रजी कागदाचा एकीनं फोटो काढून पाठवला होता ना, त्यातला एक तांत्रिक मुद्दा आहे. शेवटी टाकलाय."

"वाच."

"कलम नऊनुसार," वेदांत वाचू लागला, "सही करणारी कामगार आपल्या सध्याच्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत असून, नव्या युनिटमध्ये तिची नेमणूक नवीन कामगार म्हणून होईल."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"म्हंजे माझी बावीस वर्सं?"

"कागदावर शून्य."

कस्तुराबाईचा फडक्याचा हात पातेल्याच्या काठावर होता. तो तिथंच राहिला. तिच्या ते ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. मग तो तिनं पोरावर काढला.

"आन् ह्ये तू शेवटी ठिवलंस? राक्षसाच्या ढुंगणाखाली?"

"काकू, लोकांना आधी पेटवायचं आणि मग माहिती द्यायची, असा क्रम असतो."

"पेटलेलं मानूस वाचतंय व्हय? आन इकडं कागद."

तिनं लिहिलं ते कन्नडात, पेन्सिलीनं, वहीच्या फाडलेल्या पानावर. सही केली की राजीनामा झाला. शिऱ्याला तुम्ही पहिल्या दिवसाची नवी बाई. हे दुसऱ्या पानावर नवव्या कलमात इंग्रजीत लिहिलंय, कुणाकडूनही वाचून घ्या. शनिवारी कागद पुढं आला की भांडू नका, रडू नका. एवढंच म्हणा: घरी वाचून घेते, मग देते.

वेदांतनं तिच्याकडून अर्थ समजून घेतला. "बस? यात आवाहन नाही, शत्रू नाही, घोषणा नाही. यात क्रांती कुठाय?"

"क्रांती सोमवारनं कर. शनवारी बायांच्या तोंडात धरायला एक वाक्य पायजे. 'न्हाई' म्हणायला छाती लागती. ती समद्यांना न्हाई, मला बी न्हाई. 'वाचून घेते' म्हणायला काय लागतंय? आन् चारशे जनी एका दिवसात त्येच म्हणाल्या, तर त्ये 'न्हाई'च झालं की."

वेदांतनं तिथंच बसून फॅक्टरीतल्या झारखंड-ओडिशाच्या पोरींसाठी हिंदी लिहून काढलं. त्यात त्यानं एक 'साथियों' घुसडला, तेवढा कस्तुराबाईनं राहू दिला. नऊला दहा कमी असताना कागद झेरॉक्सवाल्याच्या काचेवर पडला. हाताच्या परीक्षेशिवाय गेलेलं तिचं ते पहिलंच पत्रक. परीक्षेला वेळ नव्हता, आणि हातांवर तिचा त्या दिवशी पहिल्याइतका भरवसाही नव्हता.

शुक्रवारी गेटवर पत्रकं वाटली. शनिवारी दहा वाजता ऑफिसात पहिल्या चौघी गेल्या. रंजिता मॅडमनं पेन पुढं केलं.

"घरी वाचून घेते, मग देते," पहिली म्हणाली. म्हणताना तिला हसू आलं, कारण असलं वाक्य तिनं आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं. दुसरी न हसता म्हणाली. तिसरीचं अर्धं विसरलं, ती नुसतं "वाचून" म्हणाली आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

"घरी कोण वाचणार इंग्रजी?" मॅडमनं विचारलं.

"पोरगा."

"जावई."

"आमच्या घरमालकाची सून. बीकॉम आहे."

बाराव्या घोळक्याला मॅडमचा आवाज चढला. विसाव्याला बसला. दुपारच्या जेवणानंतर ज्या आत गेल्या त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, मॅडम स्वतःच दुसरं पान उघडून वाचत बसलीय, आपण गेलो तरी मान वर करत नाही. तिचीही नोकरीच होती. तिलाही तो कागद वरून आलेला.

संध्याकाळी मोजणी झाली. सोमवारपासूनच्या धरून एकशे बारा सह्या. बाकीचे कागद घराघरांत गेले. काही खरंच वाचले गेले, काही गादीखाली राहिले, एकीच्या पोरानं त्याचं विमान केलं. सोमवारी नोटीस लागली: सहीची मुदत एक महिना वाढवण्यात येत आहे. युनिट वाचलं का? तसं काही नाही. एक महिना मिळाला. कस्तुराबाईनं पेढे वाटले नाहीत. चेकिंगच्या टेबलावर बसून रोजच्याइतके धागे कापले.

त्याच संध्याकाळी विमला तिच्या दाराशी आली. हातात अवरेकाईची पिशवी होती, यंदाची शेवटची. आल्या आल्या खाली बसली आणि सोलायला लागली. दोघींत गुरुवारपासून बोलणं नव्हतं.

"कागद परत मागायला गेले होते," विमला म्हणाली. "घरी वाचून घेते म्हटलं. मॅडम म्हणाली, तुझी सही झालीय, आता अर्ज लिहून आण. मला लिहून दे."

कस्तुराबाईनं वही काढली, चष्मा लावला आणि लिहिलं. अर्ज लिहिण्यात तिचा हात बसलेला होता, पाच मिनिटांत उरकलं. मग सवयीप्रमाणं वाचायला लागली.

"माननीय व्यवस्थापक यांस. मी विमला, शिलाई विभाग, लाइन चार, अकरा वर्षं कामाला आहे. गेल्या सोमवारी माझ्याकडून चुकून सही झाली…"

विमलाचा हात थांबला.

कस्तुराबाईही थांबली. या खेपेला तिनं अंदाज बांधला नाही, सरळ विचारलं. "काय झालं?"

"चुकून नाही झाली."

"अगं, अर्जात तसंच लिहित्यात. चुकून म्हटलं की साहेबाला बरं वाटतं."

"वाटू दे. मी डोळे उघडे ठेवून केली. मला शिऱ्याला जायचंच आहे, अक्का. पोरगी आहे तिथं." तिनं चिमटीतला दाणा दाबला, साल उडून वहीवर पडलं. "पण नवी म्हणून नाही जायचं. अकरा वर्षांची म्हणून जायचं. तसं लिही."

हे युनियनच्या मागणीत बसत नव्हतं. युनियन म्हणत होती युनिट हलवू नका, आणि ही म्हणत होती मला हलवा, पण अख्खी हलवा. वेदांतला सांगितलं असतं तर त्यानं याचंही नाव शोधून काढलं असतं.

तिनं साल झटकलं. 'चुकून' खोडलं. त्या जागी लिहायला लागली, खोडलं, परत लिहिलं.

"ऐक," ती म्हणाली. "मी समजून सही केली. मला नव्या युनिटात जायचं आहे. परंतु माझी अकरा वर्षं माझ्याबरोबर यायला हवीत. ती ठेवून मी येणार नाही."

"सरी, बरोबर," विमला म्हणाली आणि पिशवीतून मूठभर शेंगा काढल्या. "पुढं वाच."